शेगडी परड्यात, ऊब वाकळेत

दिवाळी सरली की कोल्हापुरात पहाटे अंगावर ओढून घ्यावंसं वाटायला लागतं. पंचगंगेवर धुकं उतरतं, गुऱ्हाळं पेटतात, तालमीच्या कोपऱ्यावर पोरं शेकोटीभोवती जमतात आणि घरोघरी माळ्यावरची शेगडी खाली येते. त्या शेगडीमुळंच हे लिहायला बसले.

मी चौतीस वर्षं आरोग्यसेविका होते. पहिली बारा वर्षं गगनबावडा आणि शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर गेली, पुढची शहराच्या आसपास. आता शिवाजी पेठेतल्या सासरच्या जुन्या घरात राहते. घर कौलारू आहे. पुढं सोपा, मग माजघर, मागं न्हाणी आणि परडं. घरात सासूबाई आहेत, वय 86, आणि दीड वर्षाचा नातू. थंडी ज्यांना सगळ्यात जास्त बाधते ती दोन्ही टोकं माझ्याच घरात आहेत. त्यामुळं इथं जे सांगते ते सगळं घरात करून बघितलेलं आहे.

आधी आपली थंडी नीट ओळखा. कोल्हापुरात जानेवारीत पहाटेचा पारा साधारण चौदा-पंधरापर्यंत उतरतो, एखादी रात्र त्याहून कडक निघते. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडं आणखी दोन-तीन अंश कमी. पण दुपारी हेच ऊन एकोणतीस-तीसवर जातं. म्हणजे आपल्याला ऊब हवी ती रात्री दोन-तीनपासून सकाळी आठपर्यंत, पाच-सहा तास. एवढ्यासाठी अख्खं घर तापवायची गरज नाही. माणसाला ऊब द्या, खोलीला नको. आणि झोपायच्या खोलीत विस्तव नको, कुठल्याही रूपात नको. माझं सांगणं एवढंच आहे, बाकी सगळं ते कसं जमवायचं याचं.

बाजेखालचे निखारे

गगनबावड्याकडच्या एका वाडीत जानेवारीत बाळंतीण बघायला गेले होते. पाचवी पुजून झाली होती. आठ बाय दहाची खोली, दार लोटलेलं, खिडकीला पोतं ठोकलेलं. बाजेवर बाळ-बाळंतीण आणि बाजेखाली शेगडी. निखाऱ्यांवर राख ओढलेली, धूर औषधालाही नाही. कोपऱ्यात सासू डोकं धरून बसलेली.

"रातभर जाग्रण झालं नर्सबाई, पित्त खवळलंय," ती म्हणाली. बाळंतिणीला पहाटेपासून दोनदा उलटी झाली होती. विचारलेल्याचं उत्तर ती उशिरानं आणि जड जिभेनं देत होती. बाळाच्या ओठाला बोट लावलं तर त्यानं ते चोखलं नाही. मी वजन घेतलं, नाळ बघितली, वहीत लिहीत बसले, आणि अर्ध्या तासानं माझंच कपाळ ठणकायला लागलं. तेव्हा माझं लक्ष बाजेखाली गेलं.

पोतं ओढून काढलं, दार सताड उघडलं, शेगडी अंगणात नेऊन ठेवली आणि तिघांना ओसरीवर आणलं. वाडीत येणाऱ्या दुधाच्या गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं. तिथं ऑक्सिजन लावला. तिघंही वाचली. पण तिला पित्ताची गोळी देऊन मी पुढच्या घरी गेले असते, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो. वर्षभर मी त्या बायकांना काय खावं, काय टोचून घ्यावं ते सांगत होते. बाजेखाली वाकून कधी बघितलं नव्हतं.

कोळसा पुरत्या हवेशिवाय जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण हा वायू त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, छाती वरखाली होत असते आणि मेंदूला ऑक्सिजन मात्र पोचत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग गुंगी येते. जागा माणूस उठून बाहेर तरी जाईल. झोपलेल्याला ते कळतच नाही.

सगळ्यात मोठी फसगत इथं होते. लाकडाचा धूर झोंबतो म्हणून लोक लाकूड आत आणत नाहीत. कोळशाला धूर नाही म्हणून तो चांगला समजतात. पण धूर दिसत नाही म्हणून तो चांगला होत नाही. लाल निखारा, त्यातही राखेखाली कोंडलेला, हा वायू भरपूर सोडतो.

लोक आणखी काय काय मानतात तेही सांगते, कारण हे मी घराघरांत ऐकलंय. शेगडीजवळ पाण्याचं पातेलं ठेवलं की विषारी वायू पाण्यात जातो म्हणतात. जात नाही. तोंडावर ओला रुमाल बांधला तरी तो अडत नाही. जमिनीवर झोपलं की सुटका, असंही नाही, कारण या वायूचं वजन हवेइतकंच आहे, तो खोलीभर सारखा पसरतो. "खिडकीची एक फट ठेवलीया की," असंही सांगतात. त्या फटीवर भरवसा ठेवून झोपू नका. रॉकेलचा हीटर, गॅसवरचा हीटर, स्वयंपाकाच्या गॅसचा बर्नर पेटवून खोली उबदार करणं, हे सगळं त्याच माळेतलं.

घरात एकाहून जास्त माणसांचं एकदमच डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं आणि बाहेर अंगणात गेल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त नाही आणि व्हायरलही नाही. आधी सगळ्यांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा, मग शेगडीकडं वळा. कोणी बेशुद्ध असेल, बोलणं जड झालं असेल, छातीत दुखत असेल, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल, तर घरी वाट बघू नका, 108 लावा. शहरात असाल तर सीपीआर, म्हणजे आपला थोरला दवाखाना, जवळ आहे. तिथं गेल्या गेल्या "बंद खोलीत शेगडी होती" हे पहिलं सांगा. कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र इथं फसतं. त्याला हा वायू चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन चिकटलेलं रक्त यातला फरक कळत नाही, ते खुशाल 98 दाखवतं. कोरोनानंतर ते यंत्र घरोघरी झालंय आणि त्याच्या आकड्यावर लोक निर्धास्त होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास.

बाळ-बाळंतिणीसाठी शेगडीऐवजी काय

"शेक नाही द्यायचा तर बाळंतीण वातानं धरंल," हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या आईनंही तेच म्हटलं होतं. त्यातली माया खरी आहे, म्हणून तिला तोडून बोलू नका. सुनेनं सासूला सांगायचं तर मी असं शिकवायचे: "आत्ती, शेक देऊया, पण शेगडी परड्यात पेटवू. फडकं तिथं गरम करून आत आणू." फडकं आपल्या गालाला लावून बघायचं आणि मगच कमरेला लावायचं. आत्तीचाही मान राहतो, खोलीत निखाराही येत नाही.

तान्ह्याला सगळ्यात चांगली शेगडी म्हणजे आईची छाती. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालायचं, आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं, मान एका बाजूला वळवायची म्हणजे नाक मोकळं राहतं, आणि दोघांना मिळून दुपट्यानं व शालीनं गुंडाळायचं. याला कांगारू पद्धत म्हणतात. कमी वजनाच्या बाळाला तर याच्यासारखं दुसरं औषध नाही. आई दमली तर बाप धरू शकतो, आजी धरू शकते. मात्र धरणाऱ्यानं जागं असावं.

बाळ गार पडलंय का हे बघायला थर्मामीटर लागत नाही. आपल्या हाताची उलटी बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. दोन्ही उबदार असली तर बाळ ठीक आहे. पोट उबदार आणि पाय गार लागले तर बाळ थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. पोट-पाठ घामेजलेली असतील तर आपण जास्त गुंडाळलंय, एक थर काढा. जन्मल्यावर पहिले चोवीस तास आंघोळ नको. पुढं आंघोळ घालाल तेव्हा दुपारच्या उन्हात घाला, पहाटे नको.

आणि धुरी. ओवा, वावडिंग, लसणाची सालं निखाऱ्यावर टाकून बाळाला त्या धुरावर धरायची रीत आपल्याकडं अजून आहे. बाळाचं फुप्फुस एवढंसं असतं, त्याला कुठलाच धूर चांगला नाही, सुगंधी असला तरी नाही. ओवा तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधून आजीनं स्वतः हुंगावा. बाळाच्या नाकाशी तीही नको.

बंद खोलीत डासांची कॉइल लावणंही याच्यातच मोडतं. एका कॉइलच्या धुरातले बारीक कण मोजले तेव्हा ते पाऊणशे ते सव्वाशेहून जास्त सिगारेटींच्या कणांएवढे भरले होते. मच्छरदाणी लावा. तिच्या आत वारंही कमी लागतं.

अंथरूण घालायची रीत

आता माझा आवडता भाग. थंडी वाजली की लोक वरून एकावर एक पांघरुणं घेत जातात आणि खाली शहाबादी फरशीवर पातळ सतरंजी. फरशी रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. वर चार पांघरुणं घेतली तरी पाठ गारच राहते. म्हणून खालून सुरुवात करा.

सासूबाईंचं अंथरूण मी असं घालते. खाट खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत. खाटेवर गादी, गादीवर घोंगडं. आपल्याकडचं घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं, सणगर मंडळी विणतात, उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवं असताना कडक आणि टोचरं लागतं. वर जुन्या लुगड्याची घडी टाकली की टोचत नाही. लोकरीचं भलेपण असं, की ती ओल शोषून घेते तरी उबदार राहते. त्यावर माणूस, माणसावर आधी एक मऊ सुती चादर आणि तिच्यावर वाकळ.

वाकळ जड असते म्हणून गरम असते असं नव्हे. पाच-सहा जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्यानं शिवलेले असतात, त्या थरांत हवा अडकून राहते आणि ती अडकलेली हवा ऊब धरते. म्हणून ती दबून घट्ट झाली, दमट झाली की निकामी होते. आठवड्यातून एकदा दुपारी बारा ते तीन गच्चीवर किंवा दोरीवर उन्हात टाका, उलटवा, काठीनं झाडा. संध्याकाळी ऊन उतरायच्या आत घडी करून आत आणा. साडेपाचनंतर बाहेर राहिली तर पुन्हा दव धरते आणि दिवसभराचं ऊन वाया जातं. फ्लॅटमध्ये गच्ची नसेल तर दक्षिणेकडच्या बाल्कनीत दोन खुर्च्यांवर पसरा.

अंगावर एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. डोक्याला टोपी किंवा कानपट्टी आणि पायात मोजे. म्हातारी माणसं "मला नाही वाजत थंडी" म्हणतात, पण वयाबरोबर थंडी कळायची कमी होते. त्यांच्या शब्दावर नको, त्यांच्या तळपायाला हात लावून ठरवा. थंडीत रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, म्हणून पहाटे एकदम अंथरुणातून उठून गार फरशीवर पाय टाकू देऊ नका. खाटेजवळ सपाता ठेवा, शाल हाताशी ठेवा, दोन मिनिटं बसून मग उठायला सांगा. "एक घोट घेतला की गरम वाटतं," म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, गरम वाटतं आणि खरी ऊब बाहेर निघून जाते.

गरम पाण्याची पिशवी

रबरी पिशवी हे माझ्या लेखी सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ साधन. पण बहुतेक जण ती चुकीची भरतात. उकळतं पाणी थेट ओतायचं नाही, रबर खराब होतं आणि फुटली तर भाजतं. एक तांब्या खळखळ उकळलेलं आणि तेवढंच साधं पाणी एकत्र केलं की साठ अंशांच्या आसपास येतं, तेवढं पुरे. पिशवी दोन तृतीयांश भरायची, टेबलावर आडवी धरून तोंडाशी पाणी येईपर्यंत हवा दाबून काढायची, मग बूच घट्ट. उलटी करून गळते का बघायचं. जाड फडक्यात किंवा जुन्या स्वेटरच्या बाहीत घालून झोपायच्या वीस मिनिटं आधी पांघरुणात पायांकडं ठेवायची.

मधुमेह असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही. लहान मुलांना आणि फार म्हाताऱ्यांनाही तेच. त्यांच्यासाठी अंथरूण गरम करून घ्या आणि ते झोपायला आले की पिशवी काढून घ्या. रबराला बारीक भेगा दिसल्या की पिशवी टाकून द्या, तिथं काटकसर नको.

हिशेब मांडून बघा. दोन लिटर पाणी साठ अंशांवरून पस्तीसपर्यंत निवताना जी ऊब देतं ती विजेच्या सहा शतांश युनिटाएवढीसुद्धा नसते. दोन हजार वॉटचा हीटर तेवढी वीज दोन मिनिटांत खातो. तरीही अंथरुणात ती पिशवी रात्रीची पहिली झोप सुखाची करते, कारण सगळी ऊब जिथं हवी तिथंच जाते.

ऊन आत घ्या, वारा अडवा

डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो. आपल्या कोल्हापुरात भर दुपारीही तो डोक्यावर येत नाही, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मधोमध राहतो. मे महिन्यात जे ऊन छपराच्या वळचणीला अडतं तेच आता दक्षिणेच्या खिडकीतून चांगलं आतपर्यंत येतं. दहा ते चार त्या बाजूचे पडदे पूर्ण उघडे ठेवा, ऊन फरशीवर पडू द्या. चार वाजले, ऊन हललं, की खिडकी आणि जाड पडदा दोन्ही बंद करा. माझ्या सुनेला हे पटत नव्हतं. मग माजघरात भिंतीवर साधा तापमापक टांगला आणि आम्ही पंधरा दिवस पहाटे पाचचा आकडा लिहिला. आधी सतरा भरायचा. पडदे आणि फटी सांभाळायला लागल्यावर साडेअठरा-एकोणीस. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात निदान 18 अंश असावेत म्हणते. आमच्या घरात ते विस्तवाशिवाय जमलं.

फटी शोधायला रात्री दिवा मालवून दाराबाहेर बॅटरी धरायला सांगा. जिथून उजेड येतो तिथून वारा येतो. दाराखाली जुन्या साडीची वाळू भरलेली वळकटी, खिडकीच्या चौकटीला फोमची पट्टी. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना ब्रशची केसाळ पट्टी असते, ती झिजली असेल तर नवी घाला. कौलारू घरात मात्र वरून फार ऊब जाते. आमच्या माजघराला लाकडी तक्तपोशी आहे म्हणून बरं. नसेल तर खाटेच्या वर चार काठ्या लावून जाड चादरीची छत बांधली तरी फरक पडतो.

सगळ्या फटी बुजवू नका. वरचा झरोका उघडा राहू द्या. एका खोलीत चार माणसं झोपली की हवा कोंदते, एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. सकाळी ऊन आलं की दहा मिनिटं आरपार वारं खेळू द्या.

वीज वापरायची तर

दुकानदार सांगेल, हा हीटर कमी विजेत जास्त ऊब देतो. तारेचा, हॅलोजनचा, तेलाचा, ब्लोअर, कुठलाही घ्या, एक युनिट वीज घातली की एक युनिटचीच ऊब निघते. फरक ती ऊब कशी पोचते यात आहे. हॅलोजन समोरच्याला लगेच शेकतो. ब्लोअर लहान खोली पटकन तापवतो आणि बंद केला की पटकन निवते. तेलाचा हीटर सावकाश तापतो, पण त्यात लाल तार उघडी नसते, म्हणून लहान मूल असलेल्या घरात मी तोच सांगते. एकाच साधनात खरोखर कमी विजेत जास्त ऊब मिळते, ते म्हणजे गरम-थंड दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत ओढतो, आणि आपल्या सौम्य थंडीत एका युनिटाला साधारण तीन युनिटांची ऊब देतो. घरात असा एसी आधीच असेल तर हीटर विकत घेऊ नका.

विजेच्या हीटरनं खोलीतला ऑक्सिजन जळत नाही, तिथं काही पेटत नाही. हवा कोरडी वाटते एवढंच. इथं मात्र पाण्याचं पातेलं ठेवलं तर उपयोग आहे, घसा सुकत नाही.

दोन हजार वॉटच्या हीटरला 16 अँपिअरचा प्लग लागतो. पेठेतल्या जुन्या वायरिंगवर, एक्स्टेन्शन बोर्डाला लावून चालवला तर बोर्ड वितळतो, आमच्या शेजारी वितळलेला मी बघितलाय. थेट भिंतीच्या प्लगला लावा, पडद्यापासून आणि अंथरुणापासून तीन फूट लांब, वर कपडे वाळत घालू नका. झोपायच्या आधी अर्धा तास चालवा आणि झोपताना बंद करा. रात्रभर हवंच असेल तर विजेचं पांघरूण पाहा, ऐंशी वॉटचं आठ तासांत एक युनिटसुद्धा खात नाही. हीटर तेवढ्या वेळात सोळापर्यंत जाईल.

आंघोळीचं पाणी

थंडीत घराघरात सगळ्यात जास्त धूर होतो तो शेकायसाठी नव्हे, आंघोळीच्या पाण्यासाठी. तांब्याचा बंब मला लहानपणापासून आवडतो, आमचा अजून आहे. पण तो परड्यात उघड्यावर. न्हाणीत पेटवायचा नाही. लाकूड वाळलेलं हवं. ओलं लाकूड आपली बरीच आच स्वतःतलं पाणी उडवायला घालवतं आणि उरलेल्यात धूर करतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा, टणक ठक्क आवाज आला तर वाळलंय, बद्द आला तर थांबा. प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, रंग दिलेल्या फळ्या, टायरचे तुकडे पेटवण म्हणूनही घालू नका. तालमीच्या कोपऱ्यावर शेकोटी करणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगते, "बाळांनो, टायर नको, त्या वरच्या मजल्यावर दम्याची मावशी झोपलीया." ऐकतात. थंडीत पहाटेची गार हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जातच नाही, गल्लीतच रेंगाळतो. देशातल्या ज्या शहरांची हवा ठरलेल्या मापात बसत नाही म्हणून 2019 साली केंद्राच्या स्वच्छ हवेच्या कार्यक्रमात यादी झाली, तिच्यात आपलं कोल्हापूरही आहे.

गॅस गीझर न्हाणीत बसवला असेल तर तो उद्याच बाहेर काढून घ्या. दार बंद, खिडकी बंद, गीझर चालू, म्हणजे पुन्हा तीच बाजेखालची शेगडी. गीझर बाहेरच्या भिंतीवर, आत फक्त पाण्याचा नळ. ज्योत निळी हवी, पिवळी झाली की मेकॅनिक बोलवा आणि तोवर वापरू नका. बादलीत टाकायचा रॉड वापरणाऱ्यांनी बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही. पोरं घरात असतील तर रॉड नकोच.

वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. गच्ची असेल तर सोलर लावा. आपल्याकडं थंडीत आभाळ निरभ्र असतं, पाणी चांगलं तापतं. तोंड दक्षिणेला हवं आणि सकाळी नऊनंतर वर सावली नको.

तयारी नवरात्र झालं की सुरू करा. सोलरच्या काचेवरची धूळ पुसा. वाकळा आणि घोंगडी माळ्यावरून काढून सलग तीन दिवस उन्हात टाका, कसर लागली आहे का बघा. पावसाळ्यात भिजलेली लाकडं छपराखाली, खाली दगड घालून, वारं खेळेल अशी रचा. गॅस गीझर आणि वायरिंग तपासून घ्या. रबरी पिशवीत पाणी भरून एक रात्र तशीच ठेवा, गळते का बघा. आणि ओळखीत कोणाचं बाळंतपण डिसेंबर-जानेवारीत असेल तर आताच त्यांच्या घरी जा, बाळंतिणीची खोली बघून या, आणि बाजेखाली वाकून बघा.